खिशातला गायगर काउंटर: टिकटिक चोख, पण धोक्याचा हिशेब वेगळा

सहा महिन्यांपूर्वी कोल्हापूरच्या राजारामपुरीतील, शाळांना प्रयोगसाहित्य पुरवणाऱ्या एका दुकानातून मी साडेआठ हजार रुपयांना खिशात मावणारा गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्गाचा कण नळीत शिरला की टिक वाजवून मोजणारे यंत्र, मागवला. शुभांशू शुक्ला जून 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले, तेव्हा वर्गातल्या एका मुलीने विचारले होते, "सर, तिथे त्यांना किरणांचा त्रास होत नाही का?" तिला आकड्यात उत्तर देता यावे, एवढ्यासाठी ही खरेदी.

यंत्र म्हणून ते चोख आहे. आपला काळा बेसॉल्ट युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीब असल्याने कोल्हापुरात ते मिनिटाला 18-20 टिकटिकींवर निवांत असते. हैदराबादच्या ग्रॅनाइटवर आकडा दुपटीजवळ गेला आणि तिकडे जाताना विमानात तो 60 ला पोहोचला होता. माळ्यावर सापडलेल्या जुन्या गॅसबत्तीच्या जाळीजवळ नेताच, तिच्यातील थोरियममुळे, टिकटिकीची अशी झड लागली की मागच्या बाकावरची मुलेही उठून पुढे आली. (आवाज बंद करण्याची सोय मात्र तिसऱ्या मेनूत दडवली असून सोबतच्या माहितीपत्रकावरून ती सापडत नाही. शिक्षकांच्या बैठकीत मला हे महागात पडले.)

माझी तक्रार आहे ती पडद्यावरच्या दुसऱ्या आकड्याविषयी. टिकटिकींना एका ठरावीक गुणकाने गुणून यंत्र ताशी मायक्रोसीव्हर्ट दाखवते, म्हणजे शरीराला होणाऱ्या अपायाच्या हिशेबातली किरणांची मात्रा (हजार मायक्रोसीव्हर्टचा एक मिलिसीव्हर्ट). हा गुणक गॅमा किरणांवरून बसवलेला असल्याने जमिनीवर ठीक चालतो. विमानात मात्र एकूण मात्रेचा साधारण निम्मा वाटा न्यूट्रॉनांचा असतो, आणि ते या नळीला जवळजवळ दिसतच नाहीत. अंतराळात तर अडचण आणखी खोल आहे. गायगर नळीत कण कोणताही शिरो, विजेचा ठोका तेवढाच पडतो. विश्वकिरणांत, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांत, बहुतेक प्रोटॉन आणि हेलियमची केंद्रके असतात, त्याहून जड केंद्रके शेकड्याला जेमतेम एक. पण लोखंडाचे केंद्रक त्याच वेगाच्या प्रोटॉनपेक्षा 26 चा वर्ग, म्हणजे 676 पट, ऊर्जा वाटेतल्या पेशींत ओतत जाते आणि डीएनएचे दोन्ही धागे इतक्या जवळजवळ तोडते की पेशीला ते नीट सांधता येत नाहीत. माझ्या यंत्राच्या लेखी ती एकच टिक.

म्हणूनच नासाच्या मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीवरील उपकरण नुसते कण मोजत बसत नाही, तर प्रत्येक कणाने किती ऊर्जा टाकली हे पाहते. मंगळाच्या वाटेवर 2011-12 मध्ये त्याने दिवसाला सुमारे 0.48 मिलिग्रे (कणांनी टाकलेल्या निव्वळ ऊर्जेचे माप) मोजले. कणांच्या घातकतेचा सरासरी गुणक 3.8 लावल्यावर त्याचे 1.84 मिलिसीव्हर्ट झाले. जाऊन-येऊन 360 दिवसांचा प्रवास धरला, तर बेरीज 660 मिलिसीव्हर्टच्या वर जाते, तीही मंगळावरचा मुक्काम सोडून. नासाने 2022 मध्ये वय किंवा स्त्री-पुरुष असा भेद न करता संपूर्ण कारकिर्दीसाठी घातलेली मर्यादा 600 आहे. युरोपीय अवकाश संस्था 1000 पर्यंत जाऊ देते. या तफावतीचे मला नवल वाटत नाही, कारण कर्करोगाच्या धोक्याचा अंदाज अजूनही मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या नोंदींवर बेतलेला आहे, आणि त्यांच्यावर क्षणार्धात कोसळलेले किरण व अंतराळवीराच्या अंगात महिनोन्महिने झिरपणारी जड केंद्रके यांची सांगड गुणकांच्या आधारेच घालावी लागते.

त्या मुलीचे उत्तर अखेर मी कागदावरच काढले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडोशाला असलेल्या स्थानकावर दिवसाकाठी अर्धा ते पाऊण मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. शुक्ला तिथे 18 दिवस होते, म्हणजे सुमारे 10 मिलिसीव्हर्ट. पृथ्वीवर माणसाला निसर्गाकडून चार वर्षांत सरासरी इतकीच मात्रा मिळते.

शाळेसाठी हे यंत्र जरूर घ्यावे. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. मायक्रोसीव्हर्टच्या आकड्यावर मी कागदाची पट्टी चिकटवून टाकली आहे.