लार्सन-बेरा सहीचा बॉल: सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

न्यू जर्सीत राहतो, बेसबॉलचं वेड इथेच लागलं. न्यूयॉर्क यँकीज टीमचा जुना पिचर (बॉल टाकणारा) डॉन लार्सन आणि त्याचा कॅचर (बॉल झेलणारा) योगी बेरा दोघांच्या सह्या असलेला बॉल तीनशे डॉलरच्या आत मिळाला, सोबत ऊन (यूव्ही) अडवणाऱ्या अ‍ॅक्रिलिकची डबी पण घेतली. आता बरेच महिने वापरून झालेत म्हणून सविस्तर लिहितोय.

मॅच कुठली ते आधी सांगतो. 8 ऑक्टोबर 1956, यँकी स्टेडियम, वर्ल्ड सिरीजची (म्हणजे सीझनच्या फायनलची) पाचवी मॅच, समोर ब्रुकलिन डॉजर्स. लार्सनने 97 पिचमध्ये 27 च्या 27 बॅटर आउट केले, एकालाही बेसवर जाऊ दिलं नाही, आणि शेवटची विकेट पडल्यावर कॅचर बेराने धावत येऊन त्याच्या अंगावर उडी मारली तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. वर्ल्ड सिरीजमधला हा आजवरचा एकमेव परफेक्ट गेम. आणि हाच लार्सन 1954 ला 3 जिंकून 21 हरलेला पिचर, त्याच सिरीजच्या दुसऱ्या मॅचमध्ये दुसऱ्याच इनिंगमध्ये त्याला काढलं होतं! मला म्हणून हाच बॉल हवा होता.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, हा त्या मॅचमध्ये खेळलेला बॉल नाहीये, नंतर सही केलेला आहे. खेळलेल्या वस्तूची किंमत वेगळ्याच लेव्हलची, आणि तिथे वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली याचे कागद लागतात. एमएलबीचा (मेजर लीग बेसबॉल) होलोग्राम, म्हणजे वस्तू खरी असल्याचं स्टिकर, 2001 पासून सुरू झाला, त्यांचा माणूस स्वतः समोर हजर असेल तरच लागतो, त्यामुळे 1956 च्या खेळलेल्या बॉलवर तो मिळणारच नाही. माझ्या बॉलला जेएसए या सह्या तपासणाऱ्या कंपनीचं लेटर आहे, म्हणजे एक्सपर्टने सही तपासून दिलेलं मत. नंबर त्यांच्या साइटवर टाकून चेक केला, जुळला.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे बॉलवरचा शिक्का. माझ्या बॉलवर अमेरिकन लीगचे (एमएलबीच्या दोन लीगपैकी एक) तेव्हाचे प्रेसिडेंट जीन बुडिग यांची छापील सही आहे, ते 1994 ला आले, म्हणजे त्याआधीची ही सही असूच शकत नाही. बेरा 2015 ला गेले, लार्सन 2020 ला, काळ बरोबर बसतो. एका विक्रेत्याने मला यँकीजच्याच मिकी मँटलच्या सहीचा बॉल दाखवला, शिक्का एमएलबीचा प्रमुख, कमिशनर मॅनफ्रेडचा. मँटल गेला 1995 ला, मॅनफ्रेड कमिशनर झाला 2015 ला!! लगेच निघालो तिथून.

सह्या निळ्या बॉलपेनच्या आहेत, आजही तशाच ठसठशीत. मार्करची सही चामड्यात पसरते, ती घेऊ नका. डबी चांगली आहे पण यूव्ही लिहिलंय म्हणून खिडकीत ठेवायची नाही, मी आतल्या कपाटात ठेवतो, उन्हाळ्यात बेसमेंटची ओल टाळतो, आणि बॉलला उघड्या हाताने अजिबात हात लावत नाही. झाकण थोडं घट्ट आहे, तेवढीच तक्रार.

किंमत वसूल, पाचपैकी साडेचार. आता यँकीजचा पिचर डेव्हिड कोनच्या सहीचा बॉल शोधतोय, 18 जुलै 1999 च्या मॅचचा, कारण त्या दिवशी बेराच्या सन्मानाचा योगी बेरा डे होता, मॅचआधी लार्सनने बेराला पहिला बॉल टाकला आणि मग त्यांच्या डोळ्यांसमोर कोनने परफेक्ट गेम टाकला. कुणाकडे पेनची सही आणि नीट लेटर असलेला असेल तर कळवा.