नॅरोबोटीत ऊब कशाची घ्यावी? हिवाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते. इंग्लंडच्या कालव्यावर नॅरोबोटीत, म्हणजे तिथल्या लांब-चिंचोळ्या बोटीत, मरीनाच्या (बोटी बांधून ठेवायच्या तळाच्या) विजेशिवाय हिवाळा काढायचा असेल तर मुख्य भिस्त धुराड्याच्या, कोळसा-लाकडावर चालणाऱ्या शेगडीवर ठेवा. डिझेल हीटर जोडीला असू द्या. आणि धुराडं नसलेला, चाकांवर फिरवायचा गॅस हीटर कितीही स्वस्त मिळाला तरी बोटीत आणू नका.

आम्ही दोघं ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ग्रँड युनियन कालव्यावर होतो, बहुतेक काळ लेटन बझर्ड ते बर्खमस्टेडच्या पट्ट्यात. बोट ५० फुटी, रुंदीला ७ फुटांहून थोडी कमी, पोलादी, ऊब टिकावी म्हणून आतून फोम मारलेली. परवाना फिरत्या बोटीचा, म्हणजे साधारण १४ दिवसांत जागा बदलायची. त्यामुळे काठावरच्या खांबाची वीज आमच्या नशिबात नाही.

विजेचा हीटर तिथेच बाद झाला. २ किलोवॉटचा साधा ऑइल हीटर ११० अँपिअर-तासांच्या लेड बॅटरीवर लावला, आणि बॅटरी निम्म्यापर्यंतच उतरवायची असं धरलं, तर हिशेब वीस मिनिटांचा येतो.

डिझेल हीटरचं मात्र कौतुक करायला हवं. पहाटे पांघरुणातून हात काढून बटण दाबायचं, थोड्या वेळात पायाशी गरम हवा. राख नाही, काजळी नाही. शेगडी बोटीच्या पुढच्या टोकाला आणि झोपायची खोली मागच्या टोकाला असली की मधल्या लांब बोळातून ऊब मागे पोचेपर्यंत तिचा जीव जातो; हा हीटर नेमका तिथे कामाला येतो. डिझेलवरचा करही गरम करण्यासाठी वापरलेल्या भागाला कमी लागतो. लाल डिझेल (कमी कराचं, लाल रंग मिसळलेलं) भरताना किती इंजिनासाठी आणि किती उबेसाठी हे आपण लिहून द्यायचं. ६०-४० ची वाटणी सर्रास चालते.

अडचण बॅटरीची. हीटर सुरू होताना ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी विजेची कांडी, तापवायला आठ-दहा अँपिअर खेचतो, नंतर पंखा आणि पंपाला एक-दोन. आकडे किरकोळ वाटतात, पण डिसेंबरात इथे चारच्या सुमारास अंधार पडतो आणि छतावरचं सोलर पॅनेल नावापुरतं उरतं. हिवाळ्यात बोटीवर टंचाई असते ती विजेची. कोळसा काय, पैसे मोजले की मिळतो. व्होल्टेज उतरलं की हीटर पेटायलाच नकार देतो. इंजिन लावून बॅटरी भरावी म्हणाल, तर बांधलेल्या बोटीवर रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन चालवायचं नाही असा नियम आहे, आणि रास्त आहे.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त चिनी हीटर घेणाऱ्यांनी एक गोष्ट बघावी. ते किट मुळात ट्रक-व्हॅनसाठी बनवलेलं असतं. तिथे धूर गाडीच्या खाली, उघड्यावर सुटतो. बोटीत तोच पाईप इंजिनाच्या बंद खोलीतून जातो, त्यामुळे त्याचा प्रत्येक सांधा हवाबंद हवा आणि तो बाहेर पडतो तिथली फिटिंग बोटीची हवी. आम्ही ते काम जाणकाराकडून करून घेतलं. स्वस्त हीटर मग तितका स्वस्त उरला नाही.

आता शेगडी. कालव्यावर डेन्मार्कच्या मोर्सो कंपनीची स्क्विरल घरोघरी दिसते. आमची त्याच धाटणीची, दुसऱ्या कंपनीची, ओतीव लोखंडाची. तिला ना बॅटरी लागते ना पंप. लहानपणी अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवलेल्या माणसाला ती चार दिवसांत वश होते: खालची हवा उघडली की पेट घेते, आवळली की धुमसत राहते. रात्री झोपताना जाळी हलवून राख पाडायची, अंडाकृती ब्रिकेट (दाबून बनवलेले कोळशाचे गोळे) रचायचे, ते नीट लालसर झाले की मगच हवा कमी करायची. सकाळी निखारे शाबूत असतात. वर डाळ मंद शिजत राहते, गॅस वाचतो. उष्णतेवरच फिरणारा छोटा पंखा शेगडीवर ठेवलाय. त्याने फरक पडतो, पण जाहिरातीत म्हणतात तेवढा नाही.

इंधनात काटकसर कुठे करायची हे कळायला हवं. कडाक्याच्या थंडीत २५ किलोची पिशवी आम्हाला चार-पाच दिवस पुरायची. २०२१ च्या मे महिन्यापासून इंग्लंडमध्ये पिशवीतला साधा घरगुती कोळसा विकायला बंदी आहे, त्यामुळे धूरविरहित ब्रिकेटच घ्यावे लागतात. ते कालव्यावरून फिरणाऱ्या इंधनबोटीकडून घेतले की पिशवी थेट छतावर येते, पाठ वाचते. काठावर पडलेलं लाकूड फुकट दिसतं, पण ओलं असतं. २० टक्क्यांहून जास्त ओलाव्याचं लाकूड ऊब देण्याऐवजी स्वतःचं पाणी उडवण्यात जळतं, काच काळी करतं आणि धुराड्यात डांबर साठवतं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र घ्या, लगेच वसूल होतं.

गॅस हीटर का नको? प्रोपेन जळताना दर किलोमागे दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. धुराडं नसेल तर ती सगळी केबिनमध्ये, म्हणजे खिडक्यांवर आणि गादीखालच्या फळीवर बुरशीच्या रूपाने. शिवाय गॅस हवेपेक्षा जड. गळला तर तळाशी साचतो आणि बोटीच्या तळाला भोक नसतं.

थंडी वाढली की लोक पहिलं काम करतात ते हवेच्या जाळ्या चिंध्यांनी बुजवायचं. मोह आम्हालाही होता. दाराखालची जाळी जानेवारीत अक्षरशः पाय कापते. तरी एकही बुजवली नाही. जळायला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो आणि त्याला वास नसतो. १ एप्रिल २०१९ पासून राहण्याची सोय असलेल्या खासगी बोटींनाही बोट सेफ्टी स्कीमच्या तपासणीत त्याचा अलार्म लागतोच. दर चार वर्षांनी ही तपासणी होते. आम्ही दोन लावले, एक शेगडीच्या खोलीत, एक उशाशी, दोन्ही बोटींसाठीच्या EN ५०२९१-२ मानकाचे. आमचा अलार्म एकदा खरोखर वाजला, आणि गंमत म्हणजे तेव्हा शेगडी विझलेली होती. शेजारच्या बोटीने टोपाथवर, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेवर, पेट्रोलचा जनरेटर लावला होता आणि वारा आमच्या बाजूला होता. दारं सताड उघडून बाहेर पडलो, त्यांना सांगितलं, त्यांनी मुकाट्याने बंद केला. राखेचंही तेच: वरून थंड दिसली तरी आत निखारा असतो आणि तो हाच विषारी वायू सोडत राहतो, म्हणून राखेची झाकणाची बादली बोटीबाहेर.

वापरलेली बोट बघायला गेलात तर शेगडीच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर दाराच्या कडेला हवा अडवणारं दोरीचं सील गेलंय. ते बदलणं स्वस्त काम आहे. मग धुराडं छतातून जिथे बाहेर पडतं तिथे हात फिरवा. तिथे डांबराचे तपकिरी ओघळ किंवा सिमेंटला भेगा दिसल्या, तर किंमत ठरवण्याआधी बोटीच्या शेगड्या बसवणाऱ्याला बोलवा.