आरव्हीसाठी सर्ज प्रोटेक्टर की ईएमएस, आणि बाहेर लावायचा की आत बसवायचा?

अमेरिकेत आरव्हीच्या, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घराच्या, सामानाच्या कुठल्याही दुकानात एकाच फळीवर दोन वस्तू दिसतात. एक साधारण ८० ते १२० डॉलरचा सर्ज प्रोटेक्टर. दुसरा साधारण २०० ते ४५० डॉलरचा ईएमएस, म्हणजे विजेवर सतत लक्ष ठेवून गडबड दिसली की पुरवठाच तोडणारं यंत्र. प्लग तोच, आकार जवळपास तोच, खोक्यावरचे शब्दही मिळतेजुळते. मग ‘दुप्पट-तिप्पट पैसे कशाला?’ म्हणून स्वस्तातला उचलला जातो. आमचं मत आधीच सांगून टाकतो: नुसता सर्ज अडवणारा डबा घेऊ नका. आरव्हीतला एसी, मायक्रोवेव्ह आणि बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर ज्या कारणांनी जळतात, त्यातली बरीचशी त्याच्या आवाक्याबाहेरची आहेत.

जूल किती, यापेक्षा वीज तुटते का हे बघा

सर्ज म्हणजे सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरता येणारा जास्त व्होल्टेजचा फटका. तो गिळण्यासाठी दोन्ही प्रकारच्या डब्यांत एमओव्ही नावाचे छोटे चकतीसारखे भाग असतात, आणि त्यांची क्षमता जूलमध्ये लिहितात. एक जूल म्हणजे एक वॅट एक सेकंदभर. म्हणजे २४०० जूलचा डबा २४०० वॅट फक्त एक सेकंद पचवू शकतो. क्षणिक फटक्याला हे भरपूर आहे. पण १२० व्होल्टच्या लाइनवर २०० व्होल्ट आले आणि तसेच राहिले, तर एमओव्ही काही सेकंदांत तापून जळतो आणि मागची उपकरणं उघडी पडतात. आणि व्होल्टेज कमी पडलं तर एमओव्हीला काही करताच येत नाही.

कॅम्पग्राउंडवर नेमकं हेच जास्त घडतं. जुलैच्या दुपारी ॲरिझोना किंवा टेक्सासमध्ये सगळ्या जागा भरलेल्या असतात, प्रत्येक आरव्हीत एसी चालू असतो, आणि जुनी वायरिंग असेल तर पेडेस्टलवर, म्हणजे प्रत्येक जागेवरच्या विजेच्या सॉकेटच्या खांबावर, १२० ऐवजी १०५-१०६ व्होल्ट उरतात. एसीचा कॉम्प्रेसर कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढतो आणि वाइंडिंग तापते. तो बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला बघतो तेव्हा त्याला फिरण्याइतकी ताकद मिळत नाही. हे नुकसान एका दिवसात दिसत नाही, पण पुढच्या मोसमात एसी जातो. ईएमएस साधारण १०२ ते १०४ व्होल्टच्या खाली आणि १३२ च्या वर वीज तोडतो. उलटा फेज-न्यूट्रल आणि तुटलेलं अर्थिंग असेल तर तो वीज आत सोडतच नाही.

५० अँपवाल्यांसाठी खरा धोका: न्यूट्रल

३० अँपच्या आरव्हीला तीन दांड्यांचा टीटी-३० प्लग असतो: एक फेज, न्यूट्रल, अर्थ. १२० व्होल्ट, एकूण ३६०० वॅट. ५० अँपचा प्लग चार दांड्यांचा, १४-५० जातीचा. त्यात १२० व्होल्टच्या दोन लाइन असतात, दोन्हींचा न्यूट्रल एकच, आणि दोन लाइनमध्ये २४० व्होल्ट. प्रत्येक लाइनवर ५० अँप धरले तर १२,००० वॅट.

आता हा न्यूट्रल पेडेस्टलमध्ये सैल झाला किंवा जळाला असं समजा. एका लाइनवर १५०० वॅटचा हीटर चालू आहे, म्हणजे ९.६ ओहम. दुसरीवर टीव्ही, कन्व्हर्टर वगैरे मिळून ३०० वॅट, म्हणजे साधारण ४८ ओहम. परतीची वाट गेली, त्यामुळे दोन्ही लोड २४० व्होल्टवर एकामागे एक जोडले गेले. करंट ४.१७ अँप. हीटरच्या वाट्याला ४० व्होल्ट येतात आणि टीव्हीच्या वाट्याला २००. महाराष्ट्रात सोसायटीत ‘न्यूट्रल गेला’ की एका रात्रीत चार घरांचे फ्रीज-टीव्ही उडतात, त्याचंच हे दोन लाइनचं रूप. पेडेस्टलचा ब्रेकर पडत नाही, कारण करंट जास्त नसतोच. ईएमएसला मात्र एका लाइनवर १३२ च्या वर आणि दुसरीवर १०४ च्या खाली दिसतं आणि तो तोडतो. म्हणून ५० अँपच्या आरव्हीत ईएमएस नसणं आम्हाला मान्यच नाही.

३० अँपमध्ये न्यूट्रल तुटला तर सगळं नुसतं बंद पडतं. तिथला धोका वेगळा आहे, तो शेवटी येतो.

बाहेर लावायचा की आत बसवायचा

पोर्टेबल ईएमएस पेडेस्टलच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि त्यात आरव्हीची केबल. बसवायला काही लागत नाही, आरव्ही विकली तरी आपल्याकडेच राहतो, बिघडला तर दोन मिनिटांत बदलता येतो. आपली केबल आणि आतला ट्रान्सफर स्विच (बाहेरची वीज की जनरेटरची, हे बदलणारा) हे दोन्ही त्याच्या मागे असल्याने तेही वाचतात. भाड्याच्या आरव्हीला हाच एक पर्याय. त्या बहुतेक ३० अँपच्या असतात, पण बुक करताना विचारून घ्या. तोटे असे: चोरीला जातो, म्हणून कुलूप लावायची कडी असलेलाच घ्या. ५० अँपचा डबा जड असतो. तो सॉकेटमधून लोंबकळत ठेवला तर दांड्यांवर ताण येतो, संपर्क सैल होतो, आणि सैल संपर्क तापतो. खाली लाकडी ठोकळ्याचा आधार द्या.

आत बसवलेला ईएमएस चोरीला जात नाही, पावसात भिजत नाही, विसरता येत नाही. त्याचा आणखी एक मोठा फायदा आहे: तो केबलच्या शेवटी, आरव्हीत प्रत्यक्ष पोचलेलं व्होल्टेज मोजतो. ५० फुटांची १० गेजची जोडकेबल लावून २५ अँप ओढले तर जाऊन-येऊन साधारण अडीच व्होल्ट वाटेतच जातात. पेडेस्टलवरचा डबा १०५ दाखवत असतो तेव्हा एसीला १०२-१०३ च मिळत असतात.

बसवायची जागा केबलचा इनलेट आणि ट्रान्सफर स्विच यांच्यामध्ये. ट्रान्सफर स्विचच्या पुढे, मुख्य पॅनेलच्या आधी बसवला तर जनरेटरची वीजही त्याच्यातून जाते, पण मग ट्रान्सफर स्विच उघडा राहतो. आमचा कल पहिल्या जागेकडे, कारण जास्त धोका पेडेस्टलकडून असतो.

काम सुरू करण्याआधी बाहेरची केबल काढा, जनरेटर बंद करून त्याचं ऑटो-स्टार्ट काढा, इन्व्हर्टर बंद करा आणि मीटरने तपासा. वायर ३० अँपला १० गेज, ५० अँपला ६ गेज, तांब्याची. प्रत्येक स्क्रू कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळा, वायर ओढून बघा आणि पहिल्या लांब प्रवासानंतर परत आवळा. रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल झालेला एक स्क्रू टर्मिनल वितळवायला पुरतो. पलंगाखाली बसवणार असाल तर आतल्या काँटॅक्टरची (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची) घुरघुर रात्री ऐकू येईल, याचाही विचार करा.

वर्षात दोन-तीनदा जाणारे आणि भाड्याने घेणारे, पोर्टेबल. स्वतःची ५० अँपची आरव्ही आणि महिनोन्‌महिने मुक्काम, आत बसवलेला. आणि सगळा प्रवास योसेमिटी व्हॅलीसारख्या ठिकाणी असेल, जिथे जागेवर विजेची जोडणीच नाही, तर या फेरीसाठी काहीच घेऊ नका.

कुठल्या कंपनीचा

निवड मुख्यतः तिघांत होते. प्रोग्रेसिव्ह इंडस्ट्रीज, ह्यूजचा पॉवर वॉचडॉग आणि साउथवायरचा सर्ज गार्ड. व्होल्टेजच्या मर्यादा जवळपास सारख्या: पहिल्या दोघांच्या १०४ आणि १३२, सर्ज गार्डच्या १०२ आणि १३२.

वीज आल्यावर ती आत सोडायला प्रत्येकजण थोडा थांबतो, आणि हे थांबणं गरजेचं आहे. एसी बंद पडल्यावर गॅसचा दाब समान व्हायला वेळ लागतो, त्याआधी सुरू केला तर कॉम्प्रेसर अडतो. वॉचडॉग ९० सेकंद थांबतो, सर्ज गार्ड १२८ आणि प्रोग्रेसिव्ह १३६. प्रोग्रेसिव्हच्या आत बसवायच्या डब्यात जंपर (सेटिंग बदलायची छोटी जोडपिन) बदलून हे १५ सेकंद करता येतं. एसी असेल तर त्या जंपरला हात लावू नका.

जूल बघायचेच असतील तर ३० अँपची तुलना ३० शीच करा. प्रोग्रेसिव्हचे १७९० आणि ३५८०, वॉचडॉगचे २४०० आणि ४८०० असे आकडे दिसतात. ५० अँपचा आकडा दुप्पट, कारण दोन्ही लाइनची बेरीज केलेली असते. सर्ज गार्डच्या ३४९३१ आणि ३४९५१ मॉडेलचे २४५० आणि ४२००.

वॉचडॉगचं सर्जचं मॉड्यूल घरी बदलता येतं आणि व्होल्टेज, करंट फोनवर ब्लूटूथने दिसतं. पावसात पेडेस्टलपर्यंत जावं लागत नाही, ही सोय फार उपयोगी पडते. पण खरेदी करताना नावात ‘ईपीओ’ आहे का ते तपासा. त्याशिवायचा वॉचडॉग फक्त सांगतो, तोडत नाही. प्रोग्रेसिव्हमध्येही तीच खबरदारी: ‘एसएसपी’ म्हणजे नुसता सर्ज, ‘ईएमएस’ म्हणजे तोडणारा. पोर्टेबलमध्ये आम्ही वॉचडॉग ईपीओ सुचवू, आत बसवायला प्रोग्रेसिव्ह. त्याचे कोड सरळ आहेत: ई १ म्हणजे फेज-न्यूट्रल उलटे, ई २ अर्थिंग नाही, ई ३ जास्त व्होल्टेज, ई ४ कमी व्होल्टेज. ई १० दिसला की सर्ज मॉड्यूल संपलं, बदला.

ऑटोफॉर्मर हवा का

भारतातल्या स्टॅबिलायझरला इथे जवळची वस्तू म्हणजे ऑटोफॉर्मर. व्होल्टेज पडलं की तो साधारण १० टक्के वाढवतो, १०६ चे ११६-११७ होतात. ही वाढ फुकट मिळत नाही, पेडेस्टलमधून तेवढाच जास्त करंट ओढला जातो आणि ३० अँपचा ब्रेकर लवकर पडतो. काही कॅम्पग्राउंड त्याला परवानगी देत नाहीत. तो ईएमएसच्या जागी घेऊ नका. लावायचा तर पेडेस्टल, मग ऑटोफॉर्मर, मग आत बसवलेला ईएमएस असा क्रम ठेवा. उलट क्रमात ईएमएस १०४ ला तोडून मोकळा होतो आणि ऑटोफॉर्मरला काम करायची संधीच मिळत नाही. किंमत ईएमएसपेक्षा बरीच जास्त आहे, त्यामुळे उन्हाळाभर जुन्या कॅम्पग्राउंडवर राहणाऱ्यांनाच तो परवडतो.

ईएमएस वीज सोडत नाही तेव्हा

जागेवर पोचल्यावर आधी पेडेस्टलचा ब्रेकर बंद करा. सॉकेट काळवंडलेलं किंवा सैल असेल तर दुसरी जागा मागा. एकटा ईएमएस लावा, ब्रेकर चालू करा, थांबा, आकडे वाचा. मग ब्रेकर बंद करून केबल जोडा. लोड नसताना तुटका न्यूट्रलही दोन्ही लाइनवर १२० दाखवू शकतो, म्हणून एसी आणि मायक्रोवेव्ह चालू करून पुन्हा एकदा बघा.

५० अँपची आरव्ही ३० अँपच्या पेडेस्टलला लावताना अडॅप्टर पेडेस्टलकडे आणि ५० चा ईएमएस त्याच्या मागे. दोन्ही लाइनवर सारखंच व्होल्टेज दिसेल, ते बरोबरच आहे.

होंडा ईयू२२००आयसारख्या छोट्या जनरेटरवर ‘अर्थिंग नाही’ असा कोड येतो. जनरेटर बिघडलेला नसतो, त्याचा न्यूट्रल अर्थला जोडलेलाच नसतो. न्यूट्रल आणि अर्थ जोडलेला बाँडिंग प्लग जनरेटरच्या मोकळ्या सॉकेटमध्ये लावला की काम होतं. तो प्लग कॅम्पग्राउंडच्या किंवा घराच्या सॉकेटमध्ये कधीही लावू नका.

आत बसवलेल्या काही डब्यांना बायपास स्विच असतो. तो ईएमएसमध्येच बिघाड आहे आणि पेडेस्टलवरचे आकडे मीटरने ठीक दिसलेत, अशाच वेळी वापरायचा. कोड आला म्हणून वैतागून बायपास केला तर एवढे पैसे घालून काही उपयोग झाला नाही.

थेट पडलेली वीज यातला कुठलाही डबा अडवत नाही. गडगडाट जवळ यायच्या आधीच केबल काढून ठेवा. वादळ डोक्यावर आलं असेल तर तिला हात लावू नका.

घराच्या ड्राइव्हवेवर

३० अँपवाल्यांची आरव्ही इथेच जास्त जळते. घरी आरव्हीसाठी सॉकेट बसवायला इलेक्ट्रिशियन येतो, टीटी-३० दिसायला ड्रायरच्या सॉकेटसारखा वाटतो, आणि तो सवयीने डबल पोल (दोन लाइनचा) ब्रेकर लावून २४० व्होल्ट देतो. त्याला स्पष्ट सांगा: सिंगल पोल (एका लाइनचा) ३० अँप ब्रेकर, १० गेज वायर, १२० व्होल्ट. नंतर मीटर लावा. दोन तिरप्या सपाट खाचांमध्ये १२० दिसलेच पाहिजेत. २४० दिसले तर आरव्ही लावू नका, ईएमएस असला तरी नाही.

जुन्या, दोनच वायरींच्या घरात आणखी एक छुपा दोष सापडतो. कुणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले असतात आणि वर फेज-न्यूट्रल उलटे. मग अर्थच्या खाचेत फेज येतो आणि आरव्हीचं अख्खं पत्र्याचं अंग जिवंत होतं. तीन दिव्यांच्या टेस्टरला सगळं बरोबर दिसतं, आणि बहुतेक ईएमएसनाही ते कळत नाही, कारण त्यांना तुलना करायला खरा अर्थ जवळ नसतो. यासाठी साधारण २० डॉलरचा, स्पर्श न करता फेज ओळखणारा टेस्टर जवळ ठेवा. केबल जोडल्यावर पायरीला किंवा दरवाजाच्या कडीला हात लावण्याआधी तो पत्र्याजवळ न्या. वाजला तर कुणालाही आरव्हीला हात लावू देऊ नका आणि घरातल्या पॅनेलवरून ब्रेकर पाडा.