टस्कीगी युनिव्हर्सिटी, अलाबामा: कार्व्हरसाठी जा पण विटा नीट बघा

अटलांटाहून दोनेक तासांचा ड्राइव्ह, आय-८५ ने सरळ. कॅम्पसमधला ऐतिहासिक भाग नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे आणि म्युझियमला तिकीट नाही. आई सोबत होती, आणि कार्व्हर (इथे शिकवणारे काळे कृषिशास्त्रज्ञ, ‘एक होता कार्व्हर’ पुस्तकातले) मराठी वाचणाऱ्या घरांत म्हणजे जवळजवळ घरचाच माणूस, त्यामुळे तिला कधी एकदा पोचतो असं झालेलं.

म्युझियमची इमारत आधी कॉलेजची लाँड्री होती, १९४१ पासून तिथे कार्व्हर म्युझियम आहे. त्यांचं शेंगदाण्यावरचं काम तर सगळ्यांना माहीत असतं पण मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे १९०६ ची जेसप वॅगन, म्हणजे घोडागाडीत अवजारं बियाणं भरून थेट शेतकऱ्याच्या दारात जायचं, कारण कापूस लावून लावून जमिनीचा कस गेलेला आणि त्या गरीब काळ्या शेतकऱ्याला कॉलेजात यायला ना वेळ ना पैसे. १८९६ ला आले ते १९४३ ला जाईपर्यंत इथेच राहिले. त्यांची बरीच पेंटिंग्ज १९४७ च्या आगीत गेली, फार हळहळ वाटते.

पण खरं सांगू का, म्युझियम बघून लगेच गाडीत बसू नका. बाहेर पडून जुन्या लाल इमारती बघा, अगदी जवळ जाऊन भिंतीला हात लावून बघा. १८८१ ला कॉलेजचे पहिले प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन इथे आले तेव्हा वय २५, जन्म गुलामीतला, आणि राज्याने वर्षाला २००० डॉलर दिलेले तेही फक्त शिक्षकांच्या पगाराला, जागा नाही इमारत नाही काही नाही. मग एक जुनं प्लँटेशन विकत घेतलं आणि विद्यार्थ्यांनीच विटा पाडायला घेतल्या. तीन वेळा भट्टी फसली. चौथीसाठी पैसे नव्हते तर वॉशिंग्टननी स्वतःचं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं, आणि ती भट्टी जमली!! आई लगेच म्हणाली, अरे ही तर आपल्या कर्मवीरांची गोष्ट. खरंच आहे, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांसाठी दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा, आणि रयतमध्ये पोरं कमवून शिकली. मला तिथे उभं राहून भरून आलं.

वॉशिंग्टनचं घर ‘द ओक्स’ (१८९९) पण विद्यार्थ्यांच्याच विटांचं, आर्किटेक्ट रॉबर्ट टेलर, एमआयटीतून पास झालेले पहिले काळे विद्यार्थी. आतून बघायचं असेल तर निघायच्या आधी फोन करून नक्की विचारा. कार्व्हर आणि वॉशिंग्टन दोघांच्या कबरी कॅम्पसवरच आहेत.

आणि हे जिवंत कॉलेज आहे बरं का, पोरं क्लासला जात असतात, त्यांचे फोटो काढत फिरू नका प्लीज. १९६४ च्या आधी काळ्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या अशा कॉलेजांना एचबीसीयू म्हणतात, अटलांटातली मोरहाउस आणि स्पेलमन त्यातलीच. आपल्याकडून शिकायला येणाऱ्या पोरांच्या लिस्टमध्ये ही नावं दिसतच नाहीत, दिसायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

टस्कीगी सर्च केलं की सिफिलिसचा प्रयोग पण समोर येतो, १९३२ ते १९७२, सरकारी आरोग्य खात्याने शेकडो काळ्या पुरुषांवर उपचारच केले नाहीत, नुसतं निरीक्षण. ते वाचून मगच जा, टाळू नका.

एका टूरवाल्याने आम्हाला इथे पाऊण तास पुरतो असं सांगितलेलं. अजिबात पुरत नाही, अख्खा दिवस ठेवा. पाणी, डबा, चांगले बूट घ्या, चालणं भरपूर आहे आणि उन्हाळ्यात घामाघूम व्हायला होतं. पोरं सोबत असतील तर जवळच मोटन फील्ड आहे, दुसऱ्या महायुद्धातले टस्कीगी एअरमेन, म्हणजे अमेरिकन सैन्यातले पहिले काळे वैमानिक, तिथे विमान चालवायला शिकले, जुने हँगर आहेत, तेही फ्री. पाचपैकी पाच.