चिपळुणात घर घेताना: बाजारपेठेतला फ्लॅट की उतारावरचं घर?

चिपळुणात घर बघणाऱ्यांपुढे बहुतेकदा दोन पर्याय येतात. खाली बाजारपेठ-चिंचनाक्याकडचा फ्लॅट, नाहीतर डोंगरउतारावरचं स्वतंत्र घर. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर ज्याला विचाराल तो ‘वरचंच घ्या’ म्हणतो. मला हे सरसकट पटत नाही.

खालचा धोका गावाला पाठ आहे. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २०२१ ला वाशिष्ठी-शिव नद्यांचं पाणी गावात शिरलं, तळमजले बुडाले. इथे नुसता पाऊस मोजून भागत नाही. कोयनेचं पाणी वीज तयार करून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच येतं, आणि खाडीला भरती असली की पाणी लवकर उतरत नाही. पूर पुन्हा येणार हे धरूनच चाला. मग बघायचं ते मजला कितवा आणि मीटर, पंप कुठे बसवलेत. दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाची गाडी जाते, काही दिवस वीज-पाणी नसतं, जिन्यात चिखल साचतो. तळमजल्यावरच्याचे गाद्या, कपाटं, धान्य, कागदपत्रं सगळंच जातं. स्वस्त मिळतो म्हणून तळमजला घेऊ नका.

पूररेषेचा नकाशा जरूर बघा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. सरासरी हा शब्द विसरू नका. वरच्या दोन पुरांत अंतर १६ वर्षांचंच होतं.

आता वरचं घर. त्याच २२ जुलैला खेड तालुक्यातल्या पोसरे बौद्धवाडीवर आणि महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली. एकट्या तळियेत ऐंशीहून जास्त माणसं गेली. पुराचं पाणी चढताना दिसतं, वरच्या मजल्यावर जायला निदान थोडा वेळ असतो. दरड तेवढाही देत नाही. म्हणून घर बघायला भर पावसात जा. मागची बाजू उभी कापून जागा सपाट केली आहे का? संरक्षक भिंतीला पाणी निघायला भोकं आहेत का? पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, बुजवून किंवा वळवून प्लॉट पाडलाय का? जमिनीला भेग, वाकलेलं झाड, अचानक गढूळ झालेला झरा, यातलं काहीही दिसलं तर व्यवहार सोडा, बयाणा दिला असला तरी.

वादळाचं म्हणाल तर ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’मध्ये दापोली-मंडणगडकडे छपरं उडाली. उतारावरच्या पत्र्याच्या छपराला ती भीती असतेच, स्लॅबला फारशी नाही.

विमा दोन्हीकडे लागतो. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पूर आणि भूस्खलन दोन्ही येतात. घरातलं सामान किती रकमेपर्यंत धरलंय ते तेवढं वाचून घ्या.

मला निवडायचं झालं तर कापलेल्या डोंगराखालच्या बंगल्यापेक्षा मी पार्किंगवर उभ्या इमारतीतला दुसरा मजला घेईन. घरात जिना न चढू शकणारं म्हातारं माणूस असेल तर मात्र दोन्ही सोडून नदीपासून आणि उतारापासून लांबची सपाट जागा शोधेन, आणि तिथल्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का ते शेजाऱ्यांना विचारेन.