लिफ्टजवळचा हिरवा फळा: नऊ महिन्यांनंतर

गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या ए विंगमध्ये सगळ्यांना लिहिता येईल असा चार बाय तीन फुटांचा हिरवा फळा आला. आता फेब्रुवारी संपत आलाय. घेण्याआधी असा कुणाचा अनुभव मला वाचायला मिळाला नव्हता, म्हणून सविस्तर लिहितेय.

परळची आमची चाळ पाडून तिच्या जागी बावीस मजली इमारत झाली. खोल्या मोठ्या झाल्या, संडास घरात आला, नळावरची रांग गेली. हे सगळं हवंच होतं. पण त्याबरोबर सामाईक गॅलरीही गेली. चाळीत भाजी निवडता निवडता अख्ख्या मजल्याची खबरबात कळायची. इथे शेजारच्या आजी आठ दिवस हॉस्पिटलात होत्या, हे मला त्या घरी परतल्यावर कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. फळा आणायचं तेव्हाच ठरलं.

आधी मी स्वस्तातला लॅमिनेटचा घेणार होते. मी ज्या शाळेत शिकवायचे तिथल्या शिपाईदादांनी अडवलं. म्हणाले, "बाई, पावसाळ्यात फुगेल तो. सिरॅमिक स्टीलचा घ्या." त्यांचं ऐकलं ते बरं झालं. वारंवार ओल्या फडक्याने पुसूनही पृष्ठभागाला काही झालेलं नाही, आणि लोहचुंबक चिकटतो त्यामुळे मुलांची चित्रंही लावता येतात. खडू ठेवायची खालची पट्टी मात्र सैल झाली आहे. खडूनेही सुरुवातीला त्रास दिला. साधा खडू जिप्समचा असतो, तो ओल धरतो. जुलैत फळ्यावर नीट उमटेचना. डस्टलेस खडू कॅल्शियम कार्बोनेटचा. त्याची भुकटी हवेत न तरंगता खाली बसते, त्यामुळे दम्याच्या माणसांनाही बरा. आम्ही स्टीलच्या डब्यात मूठभर तांदळात खडू ठेवतो, मीठ ठेवतात तसे.

पहिला महिना फुकट गेला, कारण फळा पार्किंगच्या भिंतीला लावला होता. तिथे प्रत्येक जण घाईत असतो. जुलैत तो तळमजल्यावर लिफ्टच्या बाजूला आणला. सकाळी आठ ते साडेनऊ तिथे थांबावंच लागतं, आणि थांबलेला माणूस वाचतो. खालची कड अडीच फुटांवर ठेवली, म्हणजे मुलांचा आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचाही हात पोचतो.

मी सुविचार लिहायचे, शाळेची सवय. लोक वाचायचे आणि निघून जायचे. सुविचाराला कुणी उत्तर काय देणार? मग लिहिलं, "सोसायटीत काय सुधारायला हवं?" तक्रारींचा पाऊस पडला, सगळ्या निनावी, आणि त्यात भाडेकरूंबद्दल एक फार घाणेरडी ओळ. मी ती कुणाला न विचारता पुसली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी प्रश्न होता, "फळा कोणाचा?" तो प्रश्न रास्त होता. आम्ही चार घरांनी बसून ठरवलं की लिहिणाऱ्याने नाव आणि मजला घालायचा, कुणाचं उत्तर आठवडाभर पुसायचं नाही, माणसावर केलेली टीका पुसायची तर लिहिणाऱ्याला सांगून पुसायची, आणि कमिटीच्या नोटिसा इथे येणार नाहीत. नाव घालायचं ठरल्यावर तसल्या ओळी आपोआप थांबल्या.

ऑगस्टमध्ये मी विचारलं, "पहिल्या पगारातून काय घेतलंत?" चार दिवसांत फळा भरला. रात्रपाळीच्या वॉचमनदादांनी लिहिलं, आईला नऊवारी. नवव्या मजल्यावर कामाला येणाऱ्या मावशींना लिहिता येत नाही. त्यांनी चौथीतल्या मुलीला सांगून लिहून घेतलं, स्टीलचा हंडा. सात महिने एकाच लिफ्टमधून जाणाऱ्या माणसांना एकमेकांशी बोलायला विषय मिळाला.

पुढचा प्रश्न पाण्याचा. आपल्या नळाला पाणी कुठून येतं? बहुतेकांनी तानसा लिहिलं. पालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेल्या काकांनी सातही तलाव लिहून काढले: तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा. शिवाय विहार सगळ्यांत जुना, १८६० चा, आणि तो व तुळशी मुंबईच्या हद्दीतच आहेत, हेही. मुलं मग पावसाळा संपेपर्यंत पेपरातले साठ्याचे आकडे रोज कोपऱ्यात लिहीत राहिली.

आणि यंदाच्या जानेवारीत एका सकाळी कुणी तरी नुसती तारीख लिहून ठेवली होती: १८ जानेवारी १९८२. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले तो दिवस. कॉलेजातल्या एका मुलाने खाली विचारलं, काय झालं होतं? अकराव्या मजल्यावरचे आजोबा गिरणीच्या साचा खात्यात, म्हणजे मागांवर, होते. त्यांनी संध्याकाळी खुर्ची खाली आणवली आणि दीड तास सांगत बसले. फळ्यावर एकेकाने आपल्या घरातल्या माणसाचं खातं लिहिलं. तो मजकूर आम्ही आठवडा उलटला तरी पुसला नाही.

या सगळ्याला खरा खर्च पैशांचा नाही, वेळेचा आहे. रात्री वीस मिनिटं तरी प्रत्येक उत्तराखाली दोन शब्द लिहावे लागतात. गणपतीत मी दहा दिवस कोकणात गेले, परत आले तर तोच प्रश्न आणि तीनच उत्तरं. कुणी प्रतिसाद दिला नाही की पुढचा लिहीत नाही. तेव्हापासून सात घरांनी वार वाटून घेतलेत.

डिसेंबरात शेजारच्या आजींनी स्वतः लिहिलं, "शुक्रवारी गुडघ्याचं ऑपरेशन. तुळशीला पाणी कोण घालेल?" खाली अकरा नावं आली.

एक अडचण मला अजून सुटलेली नाही. जे बेसमेंटमध्ये गाडी लावून तिथूनच लिफ्टने वर जातात, त्यांना फळा दिसतच नाही, आणि ती बरीच घरं आहेत. खाली एक छोटा फळा लावावा का, यावर आमच्यात मतभेद आहेत. माझ्या मते प्रश्न एकच आणि जागाही एकच हवी.

परवा बी विंगच्या ताई माप घ्यायला आल्या होत्या. त्यांना दुकानाचा पत्ता दिला, तांदळाचा डबा दाखवला, आणि पार्किंगच्या भिंतीला लावू नका हे दोनदा सांगितलं.