आगुंबे होमस्टे: जुलैत जाणार असाल तर आधी हे वाचा

रत्नागिरीच्या माणसानं पैसे मोजून पाऊस बघायला दुसरीकडे जायचं म्हणजे घरची कलमं सोडून बाजारातून आंबे आणण्यासारखं झालं, असं आमचे शेजारी म्हणाले आणि खरं सांगायचं तर गाडीत बसेपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. पण बायकोला कर्नाटकातलं घाटमाथ्यावरचं आगुंबे बघायचंच होतं आणि आईचं माहेर बेळगावचं, त्यामुळे कर्नाटक म्हटलं की ती पिशवी भरूनच बसते. तर जुलैत तीन रात्री राहून आलो.

रात्रीच्या गाडीनं उडुपी. पावसाळी टाइमटेबल, गाडी रखडत रखडत गेली, त्याबद्दल काही बोलत नाही. उडुपीहून हेब्री, सोमेश्वर करत मिनीबस वर जाते, साधारण ५५ किलोमीटर. घाटात १४ वळणं आहेत आणि ती इतकी आवळ आहेत की मोठ्या बसचं तिथं काम नाही, म्हणून छोट्याच बस चालतात. ड्रायव्हर एका हातानं काच पुसत होता आणि दुसऱ्या हातानं गाडी वळवत होता, आईनं डोळे मिटून रामरक्षा म्हटली ती थेट वर पोचेपर्यंत.

गाव म्हणजे काय तर एक रस्ता, चार दुकानं, चेकपोस्ट, एक देऊळ. दहा मिनिटांत संपतं. मालगुडी डेज या जुन्या टीव्ही मालिकेचं शूटिंग जिथं झालं तो मोठा वाडा गावातच आहे, लोक तिथं फोटो काढायला थांबतात, आम्हीही थांबलो. आमचा होमस्टे गावाबाहेर दीडदोन किलोमीटर, पोफळीच्या बागेत, आणि बाग संपली की लगेच जंगल. कुंपण वगैरे काही नाही.

आता मुद्द्याचं. बुकिंग अ‍ॅपवर लिहिलं होतं वायफाय, चोवीस तास लाइट, किंग कोब्रा ट्रेल. पोचल्या पोचल्या मालकांना ट्रेलचं विचारलं तर ते हसायलाच लागले, म्हणाले ते मी नाही लिहिलं, फोटो काढायला आलेल्या पोरानं लिहिलंय. वायफाय तीन दिवसांत एकदाही लागलं नाही. लाइट दिवसातून दोनचार तास असायची. अ‍ॅपवाल्यांना कळवलं तर "आपला अभिप्राय मोलाचा आहे" असं उत्तर आलं, चला, काहीतरी आलं.

पण मालक माणूस सरळ. किंग कोब्राला तिकडे काळिंग म्हणतात, मारत नाहीत. ते म्हणाले मागच्या उन्हाळ्यात विहिरीजवळ एक आला होता, रिसर्च स्टेशनला फोन केला, त्यांनी येऊन बघितलं आणि सांगितलं असू द्या, जाईल तो आपला. दोन दिवसांनी गेला. बस, एवढीच गोष्ट, त्यात तिखटमीठ काही नाही. हे रिसर्च स्टेशन २००५ मध्ये सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी सुरू केलं, किंग कोब्राला ट्रान्समीटर लावून तो कुठं फिरतो त्याचा अभ्यास तिथं झालाय. ते काही सर्पोद्यान नाही, त्यामुळे तिकीट काढून नाग बघायचाय असं डोक्यात असेल तर जाऊ नका.

पाऊस. आम्हाला वाटायचं आम्हाला पाऊस माहितीये. इथं वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या वर पडतो, म्हणजे आमच्या दुपटीहून जास्त, आणि १९४६ च्या ऑगस्टमध्ये एकट्या महिन्यात ४५०८ मिलिमीटर पडला होता, आमच्याकडे अख्ख्या पावसाळ्यात तेवढा होत नाही. पण आकडे सोडा. आमच्याकडे सर येते आणि जाते. तिथं जातच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस जरा थांबला तेव्हा कानात काहीतरी बिघडलंय असं वाटलं, मग लक्षात आलं की आवाज बंद झालाय.

सनसेट पॉइंटला गेलो. लोक सांगतात तिथून अरबी समुद्र दिसतो. आम्हाला रेलिंग दिसलं. पुढे सगळं पांढरं. सूर्यास्तासाठी जायचं तर डिसेंबर-जानेवारी धरा. बर्काण धबधब्याच्या बाजूला जंगलात जायला परवानगी लागते आणि पावसात ती मिळायची नाही, त्यामुळे "सगळे पॉइंट कव्हर करू" वाल्यांनी सरळ आंबोली गाठावी, तिथं धबधब्याखाली भजी पण मिळतात.

जळवा. त्यांना तिकडे उंबळ म्हणतात. अंगणातून न्हाणीघरापर्यंत जायचं तरी एकदोन चिकटायच्या. दारात एका नारळाच्या करवंटीत तंबाखू आणि चुना कालवून ठेवलेला, तो पायाला फासायचा. बायकोनं दोनशे रुपयांचा स्प्रे नेला होता, त्याचा जळवांवर काडीचा परिणाम झाला नाही, चुन्याचा झाला.

पण न्हाणीघर! तीन भिंती जांभ्याच्या, कोपऱ्यात चुलाणावर कायमचा बसवलेला तांब्याचा हंडा, इतका मोठा की आत पोरगं बसेल, तळाशी दिवसभर पोफळीच्या विऱ्या आणि सुपारीची टरफलं जळतायत. पाणी काढून घ्यायचं आणि वर तेवढंच गार ओतायचं, हा नियम. धुराचा वास, वर कौलातून टपटप, अंगावर कढत पाणी. हंड्याला त्यांच्याकडेही हंडेच म्हणतात. ओले कपडे वाळायलाही तीच एक जागा, चुलाणावर बांबूचा मांडव टाकलाय. तरी माझी जीन्स तीन दिवसांत वाळली नाही, जीन्स नेऊच नका.

जेवण घरचं, शाकाहारी. सकाळी अक्की रोटी किंवा नीर डोसा, बरोबर जोनी बेल्ल म्हणजे आपली काकवीच. दुपारी लाल भात, ब्राह्मीच्या पानांची तंबळी (ताकात कालवलेली), अप्पेमिडीचं लोणचं. अप्पेमिडी म्हणजे बोटाएवढ्या अख्ख्या कैऱ्या देठासकट घातलेल्या, चावली की आधी चीक लागतो मग आंबट मग तिखट. आईनं पहिल्याच जेवणाला चार खाल्ल्या. चहाऐवजी कषाय, धणे-जिरे-मिऱ्याचं दूध घातलेलं.

आईनं बेळगावी कन्नडमध्ये घरातल्या अज्जींना "ऊटा आत्रि?" म्हणजे जेवण झालं का, असं विचारलं तर स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका खुदकन हसल्या, त्यांच्याकडे ते शेवटचं आदराचं "री" लावत नाहीत म्हणे. मग तीन दिवस आईचा मुक्काम चुलीपाशीच. जंगल तिनं खिडकीतून बघितलं असेल तेवढंच.

खर्च माणशी रोजचे १८०० रुपये, तिन्ही वेळचं जेवण धरून. कॅश ठेवा, रेंज नसली की यूपीआय चालत नाही, आम्हाला शेवटी मालकांबरोबर गावातल्या चढावर जाऊन उभं राहावं लागलं. गाद्यांना दमट वास होता, तो त्यांनीही कबूल केला. निघताना आईच्या हातात लोणच्याची बाटली दिली, पैसे घेतले नाहीत.

माझ्याकडून चार स्टार. एक कापला तो वायफायसाठी नाही, गादीसाठी. तर्जनीएवढी फुगलेली एक जळू परतीच्या गाडीत कारवारच्या आसपास माझ्या मोज्यातून बाहेर पडली, समोरच्या बर्थवरचे काका पाय वर घेऊन बसले ते रत्नागिरी येईपर्यंत.